दाजींची एक्केचाळीस टर्मिनलं

आमच्या हॉस्पिटलात माझ्या मेव्हण्यांना सगळेच दाजी म्हणतात, आणि त्याला जबाबदार मी आहे. स्टोअरकीपर म्हणून नोकरीला लागलो त्या दिवशी मी भर कॉरिडॉरमध्ये "दाजी, अहो दाजी" अशी हाक मारली आणि तिथे उभ्या असलेल्या नर्सला वाटलं, हे त्यांचं आडनाव. संध्याकाळपर्यंत वॉर्डबॉयसुद्धा त्यांना दाजी म्हणायला लागले. एकदा तर पगाराच्या कागदावर दाजी असंच छापून आलं. त्यांनी ते बदलूनही घेतलं नाही. दुरुस्त करायची ती यंत्रं, माणसांना दुरुस्त करणारे आपण कोण, असा त्यांचा खाक्या.

दाजी टर्मिनल मेकॅनिक. ज्यांनी टर्मिनल कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाड काचेचा पडदा, काळ्यावर हिरवी अक्षरं, पुढे कीबोर्ड आणि पाठीमागून निघणारी एक केबल. त्याला स्वतःचं डोकं काही नसतं. डोकं तळघरात, एका थंड खोलीत, एकच मोठं मशीन. सगळ्या मजल्यांवरच्या केबली तिथे जाऊन मिळायच्या. नोंदणीच्या खिडकीवर पेशंटचं नाव टाइप केलं की अक्षर केबलीतून खाली जाणार, मशीन ते परत वर पाठवणार, आणि मग ते पडद्यावर उमटणार. हे दाजींनी मला इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. "कीबोर्ड पडद्यावर काही टाकत नाही रे. मशीन टाकतं. अक्षर उमटलं की समजायचं, जायची वाट ठीक आणि यायचीही ठीक."

हीच त्यांची तपासणी. खुर्ची ओढायची, चार अक्षरं टाइप करायची, ती परत येतात का बघायचं. मग एक खोडायचं. मग चालू काम थांबवायची कळ दाबायची. मग ओळ पडद्याच्या कडेपर्यंत नेऊन ती नीट खाली वळते का पाहायचं. एवढं झालं की पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर बाहेर येणार किंवा नाही येणार. सांडलेला चहा, तुटलेली स्प्रिंग, उंदराने कुरतडलेली केबल, सगळं त्यांना नुसत्या वासावरून कळायचं असं लोक म्हणत. मला त्यात अतिशयोक्ती वाटते, पण बहिणीच्या नवऱ्याबद्दल लोक चांगलं बोलत असतील तर आपण कशाला मधे बोला.

मग पर्सनल कॉम्प्युटर आले आणि एकेक टर्मिनल माझ्या स्टोअरमध्ये येऊन पडायला लागलं. मी ती भंगारात काढली. शेवटी तीन उरली: एक शवागारात, एक बॉयलर रूममध्ये आणि एक माझ्याच टेबलावर. या तीन जागी नवीन काही द्यावं असं कोणाला वाटलं नाही, त्यात माझी जागा आहे हे मी लक्षात ठेवलंय. नोंदणीचा प्रोग्रॅम मात्र तोच राहिला, त्याच तळघरात. त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. दाजींचं कामही तसंच राहिलं, म्हणजे नावाला. ते पिशवी घेऊन यायचे, तीन टर्मिनलं पुसायचे आणि प्रिंटरमध्ये अडकलेले कागद काढून द्यायचे.

असंच निवृत्तीपर्यंत चाललं असतं. पण आमच्याकडे नवे प्रशासन अधिकारी आले. या गृहस्थांना कुठलीही गोष्ट सांगा, त्यांचा पहिला प्रश्न "एकूण किती?" म्हणून त्यांचं नाव पडलं एकूणसाहेब. आल्या आल्या त्यांनी नियम काढला की एका मेकॅनिकच्या पदाला किमान वीस यंत्रं हवीत. नसतील तर माणूस जादा ठरणार, आणि जादा माणसाची बदली जिथे जागा रिकामी असेल तिथे, मग ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला का असेना.

दाजी बदलीवर जाणार म्हणजे क्वार्टर सोडावी लागणार. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत माझी ताई शिवणाचा क्लास चालवते. सहा यंत्रं आहेत, शिकायला येणाऱ्या बायकांची रांग आहे, आणि हे सगळं तिने एका सेकंडहँड यंत्रापासून उभं केलंय. मी तिला बातमी सांगितली तेव्हा ती कोणाच्या तरी ब्लाऊजची बाही जोडत होती. तिने पाय थांबवला, पण मान वर केली नाही.

"ह्यांना विचारलं का कोणी, किती टर्मिनलं आहेत म्हणून?" ताई म्हणाली.

"उद्या विचारणार आहेत."

"मग तू शेजारी बस. हे खरं सांगतील."

मी शेजारी बसलो. एकूणसाहेबांनी विचारलं, "एकूण किती टर्मिनलं?" मी टेबलाखालून दाजींच्या बुटावर बूट ठेवला. दाजी म्हणाले, "तीन." आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पाय का देतोस रे?"

कपाळाला हात लावायचीही सोय नव्हती, साहेब समोर होते. पण हे साहेब माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते, आणि त्या दिवशी तेच आमच्या कामी आलं. त्यांनी तळघरातलं ते मोठं मशीन सांभाळणाऱ्या सिस्टिम मॅडमना फोन लावला. "मशीनलाच विचारा, एकूण टर्मिनलं किती." मॅडमनी मशीनला विचारलं. मशीन म्हणालं, एक्केचाळीस.

माझा जीव भांड्यात पडला. तो तिथे फार वेळ राहिला नाही. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "स्टोअरच्या हिशेबात तीन, मशीनच्या हिशेबात एक्केचाळीस. बाकीची अडतीस कुठे आहेत?" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मी आयुष्यात हॉस्पिटलची साधी टाचणी घरी नेली नाही, आणि माझ्यावर अडतीस टर्मिनलं गिळल्याचा संशय.

मॅडम वर आल्या. त्या सावकाश बोलणाऱ्या, विचार करून शब्द टाकणाऱ्या. "सर, ती खरी टर्मिनलं नाहीत. ती सूडो टर्मिनलं आहेत. म्हणजे टर्मिनल असल्यासारखी."

"म्हणजे मशीन खोटं बोलतं?"

"नाही सर. मशीनच्या दृष्टीने ती टर्मिनलंच आहेत."

"मग आहेत," साहेब म्हणाले. "मेकॅनिकने प्रत्येक टर्मिनल प्रत्यक्ष पाहावं, कुठे आहे ते लिहावं, चालू की बंद ते लिहावं आणि सही करावी. महिनाअखेरीपर्यंत एक्केचाळीस सापडली तर पद राहील."

बाहेर आल्यावर मी दाजींना म्हटलं, "झालं काम. एक्केचाळीस ओळी लिहा आणि सही ठोका."

"न बघता?"

"दाजी, ताईचा क्लास आहे."

"म्हणूनच नीट बघतो," ते म्हणाले.

तर दाजींनी पिशवी घेतली, नंबरांच्या चिठ्ठ्या केल्या, चिकटपट्टी माझ्या स्टोअरमधून घेतली आणि शोधायला निघाले. मीही बरोबर, कारण संशय माझ्यावर होता. मॅडमनी सांगितलं होतं की सात नंबर रक्ताच्या लॅबमधून जोडलेला दिसतोय. लॅबमध्ये एक चुणचुणीत पोरगी कॉम्प्युटरवर बसलेली. दाजींनी टेबलाखाली वाकून पाहिलं, भिंतीमागे हात घालून केबल चाचपली. टर्मिनल काही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं, कारण ती पोरगी म्हणाली, "दाजी, सात नंबर हे काय, इथे आहे," आणि तिने पडद्यावरच्या एका काळ्या चौकटीवर बोट ठेवलं. चौकटीत नोंदणीचा प्रोग्रॅम चालू होता. तिने टीटीवाय असं काहीतरी टाइप केलं आणि त्या चौकटीने स्वतःच आपलं नाव सांगितलं: सात.

"आणि हे आठ, हे बारा," तिने आणखी दोन चौकटी दाखवल्या. एकाच टेबलावर तीन टर्मिनलं. दाजी खुर्ची ओढून बसले. चार अक्षरं टाइप केली. ती उमटली. एक खोडलं, खोडलं गेलं. थांबवायची कळ दाबली, काम थांबलं. मग ओळ कडेपर्यंत न्यायला लागले तेव्हा ती पोरगी म्हणाली, "रुंद हवं का?" आणि तिने चौकटीचा कोपरा धरून ओढला. टर्मिनल वाढलं. आतल्या प्रोग्रॅमला ते आपोआप कळलं आणि त्याने अक्षरं नव्याने मांडली.

दाजींनी हात मागे घेतला. आयुष्यभर त्यांच्या टर्मिनलाच्या ओळीत ऐंशी अक्षरं मावायची, एक्याऐंशीवं कधी मावलं नव्हतं. मग त्यांनी कॉम्प्युटरच्या कडेला ७, ८ आणि १२ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि आम्ही फार्मसीत गेलो.

फार्मसीतले गृहस्थ म्हणाले, "माझं सात आहे."

"सात लॅबमध्ये आहे," मी म्हणालो.

"असेल बुवा. हे बघा." आणि खरंच त्यांच्या चौकटीनेही आपलं नाव सातच सांगितलं. मी धावत लॅबमध्ये गेलो. चिठ्ठी जागेवर होती, चौकट नव्हती. "अहो, मी बंद केली ना ती, जेवायला जायचंय," ती पोरगी म्हणाली. इकडे फार्मसीवाल्यांनी नेमकी तेव्हाच नवी चौकट उघडली होती आणि रिकामा झालेला नंबर मशीनने त्यांना देऊन टाकला होता.

दाजींनी फार्मसीच्या कॉम्प्युटरवर ७ ची दुसरी चिठ्ठी लावली. चहाच्या सुट्टीपर्यंत सात नंबर क्ष-किरण विभागात पोचला होता. दोन दिवसांत आमच्या हॉस्पिटलात सातच्या पाच चिठ्ठ्या लागल्या आणि तेवीसची एकही लागली नाही, कारण आम्ही जिना चढेपर्यंत तेवीस बंद झालेला असायचा. मला दाजींचा भयंकर राग येत होता. अहो, यंत्र असेल तर ते जागेवर राहील, आणि राहत नसेल तर ते यंत्र नव्हे, एवढा साधा विचार. पण दाजी म्हणाले, "तपासणीत पास होतंय रे सगळं. मग मी कुठल्या तोंडाने म्हणू की हे टर्मिनल नाही?"

शेवटी आम्ही तळघरात मॅडमकडे गेलो. मॅडमनी आम्हाला स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगितलं. मी जे ऐकलं ते सांगतो; कळलं असं म्हणणार नाही.

"पूर्वी काय होतं," मॅडम म्हणाल्या, "इकडे प्रोग्रॅम, तिकडे तुमचं टर्मिनल, मधे केबल. प्रोग्रॅमला काय दिसायचं? केबलीचं आपल्याकडचं टोक. पलीकडचं टर्मिनल त्याने कधी पाहिलेलंच नाही. बरोबर?"

"बरोबर," दाजी म्हणाले.

"मग टर्मिनलं गेली. पण प्रोग्रॅम जुना. त्याला त्या टोकाचीच सवय. म्हणून आता मशीनच तसलं टोक तयार करतं. नेहमी जोडीने करतं, दोन टोकं. एक टोक जुन्या प्रोग्रॅमच्या समोर ठेवतं, ते हुबेहूब टर्मिनलासारखं वागतं. दुसरं टोक दुसऱ्या एका प्रोग्रॅमच्या हातात देतं. लॅबमधून टाइप केलेलं तो या टोकात टाकतो, ते त्या टोकातून बाहेर पडतं. तिकडून आलेलं उत्तर इकडून घेऊन लॅबच्या चौकटीत पाठवतो. काम झालं, चौकट बंद केली, की जोडी मोडली."

"मग अक्षर परत कोण पाठवतं?" दाजींचा जीव तिथेच.

"मधे मशीनचं मूळ सॉफ्टवेअर बसलेलं असतं ना, तेच. जुन्या टर्मिनलासाठी करायचं तेच सगळं करतं. अक्षर परत पाठवतं. खोडलेलं मधल्या मधे काढून टाकतं, प्रोग्रॅमपर्यंत जाऊच देत नाही. पासवर्ड टाकताना अक्षर परत पाठवू नकोस म्हटलं तर पाठवत नाही. थांबवायची कळ दाबली की प्रोग्रॅमला थांबवतं."

दाजी हळूहळू मान हलवत होते. मलाही क्षणभर उजेड पडल्यासारखं वाटलं. ताईच्या लग्नात आमच्या वडिलांचं आणि दाजींच्या वडिलांचं एक अक्षर समोरासमोर झालं नव्हतं, सगळं मधल्या मामांमार्फत. दोघांनाही शेवटपर्यंत वाटत होतं की समोरचा गृहस्थ फार गोड बोलतो. तसं असेल असं मी मॅडमना म्हटलं. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "थोडंफार." म्हणजे नसणार.

"एकोणीस नंबर कुठे आहे?" दाजींनी विचारलं. "सगळे मजले पाहिले. मिळत नाही."

मॅडमनी मशीन ठेवलेल्या समोरच्या कपाटाकडे बोट केलं. "त्याच्या आत."

"आत कोण बसलंय?"

"कोणी नाही. औषधांची मागणी पाठवणारा एक जुना प्रोग्रॅम आहे. समोर टर्मिनल नसेल तर तो चालायलाच नकार देतो. त्याला वाटतं, माणूस हवा. मग मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो जोडीचं दुसरं टोक धरून बसतो. जुन्याने विचारलं, 'पुढे जाऊ का?' की हा 'हो' टाइप करतो."

"आणि जुन्याला वाटतं माणूस आहे."

"त्याला कळायला मार्गच नाही, दाजी. त्याला फक्त आपल्याकडचं टोक दिसतं."

दाजी उठून कपाटाजवळ गेले. दाराला कान लावला. आत पंख्यांचा आवाज. ते परत येऊन बसले आणि त्यांनी विचारलेला प्रश्न मला त्या क्षणी वेडगळ वाटला. ते म्हणाले, "मॅडम, यातलं काही बिघडलं तर?"

"बंद करायचं आणि नवीन उघडायचं."

"उघडून बघायचं नाही?"

"उघडायला काही नाहीच ना त्यात."

त्या दिवशी दाजी घरी चालत गेले. मी बरोबर होतो. वाटेत ते एकदाच बोलले. "म्हणजे टर्मिनलं आहेत, पण मेकॅनिक नको." मी म्हटलं, "दाजी, तुम्हाला विचारलंय टर्मिनलं आहेत का. मेकॅनिक हवा का असं कोणी विचारलेलं नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या." माझ्या वकिलीचा मला त्या वेळी अभिमान वाटला.

तपासणीच्या दिवशी सकाळी आकडा बरोबर एक्केचाळीसवर आल्याचं पाहून मॅडमनी सगळ्या विभागांना फोन करून सांगितलं की तासभर कोणी काही उघडू नका, बंद करू नका. सगळं हॉस्पिटल फोटो काढायला बसल्यासारखं स्तब्ध. दाजी तळघरापासून शेवटच्या मजल्यापर्यंत गेले, तीन जुन्या टर्मिनलांत आणि प्रत्येक चौकटीत चार अक्षरं टाकली, ती परत आल्याचं पाहिलं. एकूण एक्केचाळीस. एकूणसाहेबांनी कागद पुढे सरकवला. दाजींनी पेन हातात घेतलं आणि टोपण काढायला त्यांना इतका वेळ लागला की माझ्या तोंडचं पाणी पळालं. ते काहीतरी बोलणार होते. साहेब म्हणाले, "चालू आहेत ना सगळी?" दाजी म्हणाले, "चालू आहेत." आणि सही केली.

पद राहिलं. क्वार्टर राहिली. ताईने यंत्रावर एक नवीन दिवा बसवून घेतला. मी सगळ्यांना सांगत सुटलो की आमचे दाजी आता एक्केचाळीस टर्मिनलांचे मेकॅनिक. सुंठीवाचून खोकला गेला, आणखी काय हवं?

पण दाजींचं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. आजारी नव्हते, तक्रार नव्हती. वर्कशॉपमध्ये वेळेवर यायचे, पिशवी टेबलावर ठेवायचे आणि बसायचे. तीन जुनी टर्मिनलं एवढी लख्ख पुसली होती की शवागारातला माणूस म्हणाला, डोळ्यांवर चमकतंय. मग ते माझ्याकडे यायला लागले आणि भंगारात काढलेले कीबोर्ड मागून घ्यायचे, एकेक कळ काढून धुवायचे, वाळवायचे, परत बसवायचे. कशासाठी, असं मी एकदा विचारलं. "असू दे," म्हणाले.

रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, ते घरी सुरू झालं. आधी भिंतीवरचं घड्याळ उघडलं. मग मिक्सर. मग शेजाऱ्यांची इस्त्री, ती बिचारी चांगली चालत होती. ताईने तेवढं चालवून घेतलं. पण एका रविवारी त्यांनी तिचं पहिलं, सेकंडहँड घेतलेलं शिवणयंत्र पूर्ण सुटं केलं, प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुतला आणि परत जोडलं. सोमवारी त्याला टाका पडेना. दाजींना हे कळल्यावर ते खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. त्यांनी जोडलेलं यंत्र चाललं नाही असं आधी कधी झालं नव्हतं.

ताई माझ्या स्टोअरमध्ये आली. ती हॉस्पिटलात कधी येत नाही. "तुझी हुशारी होती ना ती सहीची," ती म्हणाली. "आता तूच काहीतरी कर. ह्यांना काम दे."

"ताई, त्या टर्मिनलांत काम नाहीच. उघडायला काही नसतं त्यांत."

"मला ते सांगू नकोस. मला समजत नाही आणि समजायचंही नाही. माझा नवरा घरात नुसता बसलाय." आणि ती रडायला लागली. मी बहिणीला रडताना फार कमी पाहिलंय. मला काय करावं सुचेना, मी तिला रबरी हातमोज्यांचा खोका बसायला दिला.

त्याच आठवड्यात लॅबमधून फोन आला. पडदा गोठलाय, अक्षर उमटत नाही, मॅडम रजेवर. मी दाजींना घेऊन गेलो. ती पोरगी रडकुंडीला आलेली, पेशंटचे रिपोर्ट अर्धे राहिलेले. चौकट बंद केली तर टाकलेलं सगळं जाईल. "मी नुसतं सेव्ह करत होते," ती म्हणाली. "कंट्रोल आणि एस दाबलं, बाकी काही नाही."

दाजी वाकले होते ते सरळ झाले. "कंट्रोल एस?" त्यांनी खुर्ची ओढली, कंट्रोल आणि क्यू दाबलं. पडदा वाहायला लागला, मघापासून टाइप केलेली सगळी अक्षरं भराभर उमटली. दाजींनी मला सांगितलं, आणि त्यांचा आवाज मी कितीतरी महिन्यांनी तसा ऐकला, की जुन्या टर्मिनलात मजकूर फार वेगाने यायला लागला तर तो थोपवायला एस आणि परत सोडायला क्यू. "थोपवायचं काही राहिलं नाही रे आता, तरी ही चाल ठेवलीय यांनी आत. तशीच ठेवलीय." घरी जाईपर्यंत त्यांनी ते मला तीनदा सांगितलं. ताईने फोन करून विचारलं, आज काय झालं, हे शीळ घालतायत.

मला तेव्हा एक गोष्ट सुचली. दुसऱ्या दिवशी मी लॅबमधल्या पोरीकडे गेलो, फार्मसीवाल्यांकडे गेलो, क्ष-किरणवाल्यांकडे आणि नोंदणीच्या खिडकीवरही गेलो. सगळ्यांना एकच सांगितलं. काम फारसं नसेल तेव्हा कंट्रोल एस दाबा आणि दाजींना बोलवा. कोणी का म्हणून विचारलं नाही. दाजी सगळ्यांचेच होते. फार्मसीवाले एवढंच म्हणाले, "रोज की एकाआड एक?"

आता फोन येतात. कधी दुसरा मजला, कधी नोंदणी. दाजी पिशवी घेऊन जातात, खुर्ची ओढतात, चार अक्षरं टाइप करून बघतात, उमटत नाहीत, मग मान हलवतात आणि क्यू दाबतात. चहा मिळतो. घरचं घड्याळ नीट चालतंय. ताईच्या पहिल्या यंत्राला त्यांनी पुन्हा टाका आणला. ती मला म्हणाली, "केलंस बाबा काहीतरी." मला फार बरं वाटलं. खरं तर ही व्यवस्था मॅडमच्या त्या छोट्या प्रोग्रॅमसारखी झाली आहे का, यात तो जुना प्रोग्रॅम कोण आणि टोक धरून बसलेला कोण, असं मला एकदा वाटून गेलं, पण मला ते प्रकरण मुळातच कळलेलं नाही, म्हणून मी तो विचार सोडून दिला.

परवा दुपारी दाजी माझ्याकडे बसले होते. फोन वाजला. मी घेतला आणि म्हटलं, "दाजी, लॅब. पुन्हा अडकलंय."

दाजी उठले. पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच थांबले.

"एक काम कर," ते म्हणाले. "त्या पोरीला म्हणावं, कधीतरी दुसरं काहीतरी बिघडव. रोज एकच बिघाड दुरुस्त करायचा म्हणजे जड जातं रे."

मी फोन खाली ठेवला.

"आणि तुझ्या ताईला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. तिला बरं वाटतंय."

ते गेले. मी दारात येऊन पाहिलं. दाजी जिना चढत होते, दोन दोन पायऱ्या एकदम, वर कोणाचं तरी खरंच काम अडलेलं असावं तसे.